चेकर्ड फ्लॅगनंतरचे तीन तास

वाचकांचे प्रश्न : मोटरस्पोर्ट

प्रश्न : आपला ड्रायव्हर जिंकला म्हणून रात्री ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकून झोपावं आणि सकाळी बघावं तर तो बाद! गाडीत खोट होती तर शर्यतीआधीच का पकडत नाहीत?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : कारण या खोटी बहुतेक वेळा शर्यतीतच तयार होतात. एफ-वनची (फॉर्म्युला वन) २०२४ ची बेल्जियमची शर्यत घ्या. जॉर्ज रसेलने एकाच पिटस्टॉपवर, म्हणजे टायर बदलायला एकदाच थांबून, तिथला स्पा ट्रॅक मारला, टीममधला जोडीदार लुईस हॅमिल्टनच्या जेमतेम अर्धा सेकंद पुढे. नंतर त्याची मर्सिडीज काट्यावर चढवली तर बरोबर ७९८ किलो, म्हणजे त्या वर्षीच्या किमान वजनाला टेकलेली. पण हे किमान वजन धरताना ड्रायव्हर आणि टायर मोजतात, इंधन नाही. टाकीत उरलेलं २.८ लिटर इंधन उपसल्यावर काटा ७९६.५ वर आला. दीड किलोसाठी विजय गेला आणि हॅमिल्टनकडे आला.

दीड किलो गेलं कुठे? एक मोठा संशयित म्हणजे टायर. बाकीचे बहुतेक दोनदा थांबले, रसेलने टणक रबराच्या (हार्ड) एकाच सेटवर तीसहून जास्त फेऱ्या काढल्या, त्यामुळे रबर जास्त झिजलं. एरवी चेकर्ड फ्लॅग पडून शर्यत संपली की ड्रायव्हर शेवटच्या निवांत फेरीत मुद्दाम रेसिंग लाइन, म्हणजे ट्रॅकवरची नेहमीची वेगवान वाट, सोडून कडेने गाडी नेतात. तिथे पडलेले रबराचे तुकडे, ज्यांना मार्बल म्हणतात, ते गरम टायरला चिकटतात आणि थोडं वजन परत मिळतं. स्पाला ही फेरीच नाही. सात किलोमीटरचा ट्रॅक असल्यामुळे गाड्या पहिल्या वळणानंतर लगेच पिटमध्ये वळवतात.

दुसरी नेहमीची भानगड म्हणजे गाडीच्या पोटाखालची फळी. नवी असताना ती १० मिलिमीटर जाड असते आणि शर्यतीनंतर ठरावीक भोकांपाशी किमान ९ भरावी लागते. गाडी जितकी खाली बसवाल तितकी वेगवान, म्हणून प्रत्येक टीम हा एक मिलिमीटर जवळजवळ पुरता वापरते. अमेरिकेतल्या ऑस्टिनचा ट्रॅक खडबडीत. त्यात २०२३ ला तिथे स्प्रिंट वीकेंड (मुख्य शर्यतीआधी एक छोटी शर्यतही) होता, म्हणजे गाडीची उंची ठरवायला सरावाचा एकच तास. चार गाड्यांच्या फळ्या तपासल्या, त्यातल्या हॅमिल्टन आणि फेरारीच्या लेक्लेरच्या नापास. २०२५ ला लास व्हेगासमध्ये मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या याच कारणाने बाद झाल्या. सगळ्यांच्या फळ्या तपासत नाहीत हे खटकतं, आणि ते खटकायलाच हवं.

आता तुम्ही काय करायचं? एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर त्या शर्यतीची कागदपत्रं त्याच दिवशी लागतात. ‘प्रोव्हिजनल क्लासिफिकेशन’ (तात्पुरता निकाल) दिसलं तर हुरळू नका. मागोमाग टेक्निकल डेलिगेटचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल येतो. त्यात एखादी गाडी स्टुअर्ड्सकडे (शर्यतीच्या पंचांकडे) पाठवल्याचा उल्लेख असेल तर पुढचे दोन-तीन तास धाकधुकीचे. ‘फायनल क्लासिफिकेशन’ (अंतिम निकाल) लागलं की मग पेढे.

प्रश्न : वेळापत्रक नीट पाहूनही सुरुवात चुकते. शिवाय उशिरा पाहायचं म्हटलं तर कुणीतरी निकाल सांगून टाकतं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : युरोपातली शर्यत उन्हाळ्यात बहुधा आपल्या संध्याकाळी ६.३० ला असते, ती सोपी. गोंधळ अमेरिकेचा. ऑस्टिनला रविवारी दुपारी दोन म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, अर्थात सोमवार लागलेला असतो. अलार्म रविवारचा लावून फसणारे दरवर्षी भेटतात. युरोपची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या. त्या दरम्यानच्या शर्यतीची वेळ गेल्या वर्षीच्या आठवणीवर ठरवू नका.

आदल्या रात्री पुन्हा एकदा वेळ तपासाच. २०२४ ला ब्राझीलमध्ये पावसामुळे शनिवारची क्वालिफाइंग (कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी) रविवारी सकाळी ढकलली आणि शर्यत दीड तास अलीकडे ओढली. रात्री साडेदहाला टीव्ही लावणाऱ्यांना नऊला सुरू झालेल्या शर्यतीचा उत्तरार्धच मिळाला. आणखी एक: छापलेली वेळ फॉर्मेशन लॅपची, म्हणजे शर्यतीआधीच्या हळू फेरीची, असते; शर्यत सुरू करणारे दिवे त्यानंतर काही मिनिटांनी विझतात.

मोबाइलवरचं चित्र लाइव्ह टायमिंगच्या (गाड्यांच्या क्रमाच्या आणि वेळांच्या थेट पानाच्या) मागे असतं. दोन्ही एकत्र पाहायचं असेल तर फॉर्मेशन लॅपला सगळ्यात पुढची गाडी निघताना दोन्हींतला फरक मोजा आणि पुढे त्या हिशोबाने टायमिंगचं पान बघा. उशिरा पाहणार असाल तर स्पोर्ट्स ॲप आणि व्हॉट्सॲपच्या सूचना बंद ठेवा, आणि रिप्ले शोधताना मुख्य पानावरून जाऊ नका. थंबनेलमध्येच विजेता हसत उभा असतो.

प्रश्न : मोनॅको पाहावं की झोपावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : शनिवारी क्वालिफाइंग पाहा, रविवारी शर्यतीला वामकुक्षी घ्या. ३.३३७ किलोमीटरच्या गल्लीबोळात जवळजवळ दोन मीटर रुंद गाड्या एकमेकींना ओलांडणार कशा? २०२४ ला पहिल्याच फेरीत अपघात होऊन लाल झेंडा आला म्हणजे शर्यत थांबली, सगळ्यांनी थांबल्या जागी टायर बदलले, नियमाने सक्तीचा टायरबदल तिथेच उरकला. मग पहिल्या दहा जागांवरचे ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. एफ-वनमध्ये हे पूर्वी कधी झालं नव्हतं. २०२५ ला उपाय म्हणून टायरचे किमान तीन सेट सक्तीचे केले. टीमांनी त्यातूनही वाट काढली: एका ड्रायव्हरने मुद्दाम रेंगाळून मागची रांग अडवायची आणि जोडीदाराला पिटस्टॉपपुरती मोकळी जागा मिळवून द्यायची. लियाम लॉसनने जोडीदार इसाक हजार याच्यासाठी केलं, विल्यम्स टीमच्या दोघांनी आळीपाळीने. २०२६ च्या नियमांत गाडी दहा सेंटिमीटरने अरुंद आहे. मोनॅकोच्या भिंती मात्र तिथेच आहेत.

प्रश्न : आपल्याकडे एफ-वन परत कधी? — एक वाचक, पणजी

उत्तर : ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. मग करांच्या वादात गाडं अडलं. २०२३ ला मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची जागतिक स्पर्धा, आली, तीही एकदाच. अधिकृत घोषणा येऊन तिकीटविक्री उघडेपर्यंत विमानाचं बुकिंग करू नका. प्रत्यक्ष ट्रॅकच्या कडेला उभं राहायची हौस असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई किंवा कोइम्बतूरचा करी स्पीडवे गाठा. तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. कानात इअरप्लग घाला आणि टोपी विसरू नका.