सोलापूरच्या उन्हात ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल असे एअरलूम (पिढ्यान्‌पिढ्या बी राखून टिकवलेले जुने वाण) टोमॅटो गच्चीवर येतात का? मार्चमध्ये बी पेरायचा विचार आहे. कोणता लावू?

येतात, पण वेळ साधली तर. तुम्ही मार्चमध्ये बी पेरायचं म्हणताय, ते मात्र करू नका. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचं फूल फळ न धरताच गळतं. आपल्याकडे तर मे महिन्यात ४२-४३ अंश नेहमीचेच. झाड हिरवंगार, टोपली रिकामी. गणपतीत बी टाका, दसऱ्याच्या आगेमागे रोपं कुंडीत लावा, म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत फळं पिकायला लागतात.

ब्रँडीवाइनचं नाव मोठं, चवही मोठी. पण लावणीनंतर पिकायला ८० ते १०० दिवस घेतो. जरा उशीर झाला की उन्हाळ्यात सापडलाच. चेरोकी पर्पल मी त्याच्या शेजारीच, त्याच मापाच्या कुंडीत लावला होता. तो आधी पिकला, फळंही जास्त धरली. नुसतं मीठ लावून खायला मला तरी तोच आवडतो. याचे देठाजवळचे खांदे हिरवटच राहतात, पूर्ण लाल व्हायची वाट बघू नका. येलो पेअर हा छोटा, पिवळा, पेअरच्या आकाराचा टोमॅटो घोसाघोसांनी लागतो, चव बेताची, पण पोरं येता-जाता तोडून खातात.

सार करायचं असेल तर यातला एकही नको. त्याला आपला चपटा, पाकळ्यापाकळ्यांचा, आंबट गावरानच हवा. तोही बी राखून टिकवलेला वाणच की! रंगीत पाकीट नाही म्हणून कुणी विचारत नाही.

फळाच्या बुडाला काळा डाग पडला की सगळे अंड्याची टरफलं टाकायला सांगतात. पण आपल्या काळ्या मातीत चुना, म्हणजे कॅल्शियम, मुळातच भरपूर असतो. दुखणं पाण्याचं आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्या दिवशी कुंडी तुडुंब आणि मग ठणठणीत कोरडी. अशाने कॅल्शियम फळापर्यंत पोचतच नाही. पिंपात साठवून रोज थोडं द्या, मातीवर उसाचं पाचट पसरा.

पानं आखडून वर वळली तर तो बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. ते झाड उपटून टाका, औषधाने बरं होत नाही.

बी धरायचं ते सगळ्यात निरोगी झाडाच्या पूर्ण पिकलेल्या फळाचं. गर पेल्यात दोन-तीन दिवस आंबवा, धुऊन सावलीत वाळवा.