लातूरहून ऑस्टिनला येताय, तर पाण्याच्या बिलाबद्दल

तुमचा प्रश्न असा, की जूनमध्ये बायको आणि आईंना घेऊन अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला येताय, तर पाणी-वीज-कचऱ्याला महिन्याकाठी किती धरायचं आणि पाणीपट्टी वर्षाची एकदाच भरून मोकळं होता येतं का. मी मूळचा अंबाजोगाईचा, सध्या ऑस्टिनमध्येच आहे.

वर्षाचं एकदम भरणं विसरा. आपल्याकडे नळ आठ दिवसांनी येवो की दहा, ठोक पाणीपट्टी तीच. इथं नळ चोवीस तास आणि बिल दरमहा, मीटरप्रमाणे. गॅलनचा हिशेब असतो. एक गॅलन म्हणजे जवळपास पावणेचार लिटर.

समजायला सोपं जावं म्हणून महावितरणचं बिल पुढ्यात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि १०० युनिटांच्या पुढे चढणारा दर. इथल्या पाण्याच्या बिलाची घडण तीच आहे. मीटरच्या मापानुसार (मीटर लहान की मोठं) ठरलेली रक्कम भरावीच लागते, महिनाभर घर कुलूपबंद असलं तरी. त्यावर वापराचे पाच टप्पे: २,०००, ६,०००, ११,०००, २०,००० गॅलनपर्यंत आणि त्यापुढे. पहिला टप्पा स्वस्त, शेवटचा चांगलाच महाग. पहिले २,००० गॅलन म्हणजे साडेसात हजार लिटर. टँकरच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला हे भरपूर वाटेल, पण शॉवर, वॉशिंग मशीन आणि फ्लश यांतच ते उडून जातं.

खरी मेख सांडपाण्यात आहे. गटारात जाणारं पाणी मोजायला मीटर नसतं, म्हणून आत आलेल्या पाण्यावरूनच सांडपाण्याचा आकार लावतात. साध्या वापराच्या घरात तो पाण्याच्या रकमेची बरोबरी करतो, कधी वरही जातो. मग उन्हाळ्यात झाडांना घातलेल्या पाण्याचं काय? त्यासाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या वापराची सरासरी काढतात. पुढे वर्षभर ही सरासरी किंवा त्या महिन्याचा प्रत्यक्ष वापर, जे कमी असेल त्यावर आकारणी होते. म्हणून स्वतंत्र घर घेतलंत तर हिवाळ्याच्या त्या महिन्यांत पाणी जपून वापरा. इतर महिन्यांतल्या काटकसरीपेक्षा ती जास्त कामाला येते.

त्याच बिलात पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं शुल्कही येतं. छप्पर, सिमेंटचं अंगण अशी पाणी न मुरणारी जागा जितकी जास्त, तितकं ते वाढतं. मला हे न्याय्य वाटतं. आपल्या शहरांत अंगणं फरशीने बुजवणाऱ्यांनाही लावायला हवं. कचऱ्याचे पैसे डब्याच्या मापावर ठरतात. तिघांना लहान डबा पुरतो, मोठा घेऊ नका.

वीजही महापालिकेचीच, ऑस्टिन एनर्जीची, आणि ती याच बिलात येते. टेक्सासमधल्याच ह्यूस्टन-डॅलसला वीज कंपनी निवडायची सोय आहे, इथं नाही. एका परीने बरंच, स्वस्त योजनांच्या जाहिराती वाचत बसावं लागत नाही. बिलातली पॉवर सप्लाय अ‍ॅडजस्टमेंटची ओळ पाहून दचकू नका, आपल्या इंधन समायोजन आकाराचीच ती जात.

आता भाड्याच्या फ्लॅटचं, कारण सुरुवातीला तुम्ही तिथंच राहाल. विजेचं खातं स्वतःच्या नावावर उघडायचं असतं. इथला क्रेडिटचा इतिहास, म्हणजे कर्ज आणि बिलं वेळेवर फेडल्याची नोंद, नसेल तर अनामत मागू शकतात, तेवढी रक्कम हाताशी ठेवा. पाण्याचं बिल मात्र पुष्कळदा मालकाकडून येतं. काही ठिकाणी प्रत्येक घराला वेगळं मीटर असतं, काही ठिकाणी अख्ख्या इमारतीचं बिल माणसं किंवा क्षेत्रफळ पाहून वाटून टाकतात. वाटणी असेल तर तुमच्या काटकसरीचा फायदा शेजाऱ्यांत विरघळतो. ही पद्धत करारात लिहिलेली असते. सहीआधी तेवढं पान नीट वाचा.

गळती हे मोठं दुखणं. फ्लशची टाकी आवाज न करता दिवसाला २०० गॅलनपर्यंत पाणी सोडू शकते. महिन्याला झाले ६,०००, म्हणजे पहिले दोन टप्पे एकही बादली न भरता संपले. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि फ्लश न करता थोडा वेळ थांबा. भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. दुरुस्तीची पावती जपून ठेवा, बिलात सवलत मागताना लागते.

आईंना पाणी भरून ठेवायची सवय असेल, तर ती पूर्ण मोडू नका. २०१६ मध्ये मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे लातूरने पाहिली आहे. ऑस्टिननेही फेब्रुवारी २०२१ च्या बर्फवादळात कोरडे नळ आणि पाणी उकळून प्यायचा आदेश पाहिला. पिण्याचे दोन-चार कॅन घरात असू द्या. एरवी नळाचं पाणी सरळ प्या, आरओ यंत्र आणायची गरज नाही.

महिन्याचा एकच आकडा सांगितला तर मी तुम्हाला फसवेन. घर पक्कं करताना मालकाकडे मागच्या १२ महिन्यांची बिलं मागा आणि आधी ऑगस्टचं बघा. एसी दिवसरात्र चालतो तो महिना तोच, आणि त्यातली विजेची ओळ पाण्याला सहज मागे टाकते.