‘मिल-स्पेक’ म्हणजे ‘लष्करी दर्जाची’ का?

प्रश्न असा: अमेरिकेत नागरिकांना विकल्या जाणाऱ्या एआर-१५ रायफलींच्या जाहिरातींत ‘मिल-स्पेक’ हे विशेषण सर्रास येतं. मराठीत त्याला ‘लष्करी दर्जाची रायफल’ म्हणावं का?

म्हणू नये. ‘दर्जाची’ म्हटलं की मराठी वाचक ‘उत्तम’ असंच समजतो. मिल-स्पेक हा ‘मिलिटरी स्पेसिफिकेशन’चा संक्षेप आणि स्पेसिफिकेशनला आपल्या शासकीय परिभाषेत ‘विनिर्देश’ हा शब्द आहे. वस्तू कशाची, किती मापाची आणि कोणत्या चाचणीला उतरली तर घ्यायची, एवढंच विनिर्देश सांगतो. ती सर्वोत्तम असल्याची ग्वाही त्यात नसते.

आता बोल्टच घ्या, म्हणजे गोळी झाडताना काडतूस मागून घट्ट धरून ठेवणारा रायफलीचा भाग. लष्करी बोल्ट कार्पेंटर १५८ या पोलादाचा हवा. त्यावर जास्त दाबाचं काडतूस झाडून पाहायचं आणि मग चुंबकीय कणांच्या तपासणीनं केसाएवढी चीरही पडलेली नाही याची खात्री करायची. बाजारातले काही उत्पादक हे सगळं नीट करतात. काही जण पोलाद तेच वापरतात, पण प्रत्येक नग न तपासता निवडक नगच तपासतात. जाहिरातीत शब्द मात्र दोघांचाही ‘मिल-स्पेक’! चाचणी हा विनिर्देशाचाच भाग आहे, त्यामुळे दुसऱ्याचा दावा मला अपुरा वाटतो.

दस्ता ज्या नळकांड्यावर बसतो त्या बफर ट्यूबच्या बाबतीत याच शब्दाचा अर्थ पार बदलतो. १.१४८ इंच व्यासाची ती ‘मिल-स्पेक’ आणि १.१६८ इंचाची ‘कमर्शियल’. इथे तो निव्वळ मापाचा शब्द आहे. एकीवर दुसरीचा दस्ता नीट बसत नाही, एवढ्यासाठीच तो विचारायचा.

अख्खी रायफल मात्र मिल-स्पेक असूच शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एआर-१५ च्याच घराण्यातल्या, अमेरिकी लष्कराच्या एम-४ रायफलीची नळी १४.५ इंचांची; १९३४ च्या कायद्यानुसार १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीची सरकारदरबारी नोंदणी लागते, म्हणून दुकानातली नळी सहसा १६ इंचांची असते. तिची एम-४ए१ ही आवृत्ती स्वयंचलित आहे, म्हणजे चाप दाबून धरला की सलग गोळ्या झाडते. नव्या स्वयंचलित बंदुका नागरिकांना विकणं १९८६ पासून बंद आहे. शिवाय लष्करी माल सरकारी तपासनीसानं पसंत करून घ्यावा लागतो, आणि दुकानातली रायफल त्याच्यासमोर येतच नाही.

याचा अर्थ ती वाईट असते असा नाही. नेमबाजीसाठीची स्टेनलेस पोलादाची नळी लष्करी विनिर्देशात बसत नाही, तरी अचूकतेत लष्करी नळीला मागे टाकू शकते. ‘दर्जा’ हा शब्द टाळायचं हे आणखी एक कारण.

मी भाषांतर करताना संदर्भ पाहून तीन शब्द वापरेन. पूर्ण रायफलीला ‘लष्करी धाटणीची’, ट्यूबला ‘लष्करी मापाची’, आणि चाचणीसकट सगळ्या अटी पाळलेल्या सुट्या भागाला ‘लष्करी विनिर्देशाबरहुकूम’. ‘बरहुकूम’ जुना असला तरी हुकमाप्रमाणे तंतोतंत, हा नेमका अर्थ तोच देतो.