मुदत ठेवीचे ५ लाख मुघल रुपयांत घालावेत का?

तुमचा प्रश्न असा: ५ लाखांची ठेव पुढच्या महिन्यात संपतेय. ओळखीतले एक संग्राहक तेवढ्याच रकमेत औरंगजेबाचे ४० चांदीचे रुपये आणि जहांगीरचा एक राशीचा रुपया (ज्यावर मेष, वृषभ अशा एखाद्या राशीचं चित्र असतं) देतायत. मुलीच्या कॉलेजसाठी ३ वर्षांनी पैसे लागणार आहेत.

कॉलेजचे पैसे यात घालू नका, ते पुन्हा ठेवीतच टाका. नाण्यांना व्याज नाही, आणि विकायला गेलात की व्यापारी स्वतःचा नफा वजा करूनच भाव देतो. शिवाय १०० वर्षांपूर्वीची नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतात. खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक इथलंच शोधावं लागणार.

४० या आकड्याला भुलू नका. औरंगजेबाचा सुरतेचा रुपया मुबलक मिळतो. किंमत ठरते टांकसाळ, वर्ष आणि नाण्याची स्थिती यांवर. सराफांनी ठोकलेल्या खुणा किंवा दागिन्यासाठी जोडलेली कडी काढल्यावर राहिलेला डाग दिसला की भाव पडतो. घासून चकचकीत केलेलं नाणंही टाळा.

राशीच्या रुपयाबाबत मात्र फार जपा. हे रुपये अहमदाबाद टांकसाळीत पाडले गेले आणि त्यांच्या नकला भरपूर आहेत. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. मुघल रुपया साधारण ११.४ ग्रॅमचा; दोऱ्याने पाण्यात टांगला की वजन सुमारे १.१ ग्रॅमने घटायला हवं. १.३ घटलं तर धातू चांदी नाही. पण नकलाही चांदीच्या असतात, म्हणून कडेवर साच्याची रेघ आणि पृष्ठावर बुडबुड्यांचे खड्डे भिंगातून बघा; दिसले तर ती ओतीव नक्कल. औरंगजेबाच्या नाण्यांवर तारखा ताडून पाहा: जुलूस (राज्यारोहणापासूनचं वर्ष) ३० असेल तर हिजरी १०९७ किंवा १०९८च हवं.

तरीही हौस असेल, तर वरकड पैशांतून तीन-चार नाणीच निवडून घ्या, तीही कागदांसह: जुनं बिल किंवा लिलावाच्या कॅटलॉगमधला फोटो. हे रुपये हातोड्याने पाडलेले. ठसा नाण्याहून मोठा असल्याने प्रत्येकावर मजकूर वेगळ्या जागी कापला जातो, त्यामुळे जुन्या फोटोशी नेमकं तेच नाणं जुळवता येतं.

नाणी कुठून आली, हे त्या संग्राहकांना लेखी विचारा. 'शेतात सापडली' असं उत्तर आलं, तर घेऊ नका: १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.