नवऱ्याची पलटण फील्डला चालली आहे. मुलं घेऊन गावी जाऊ, की शहरात खोली घेऊ? आणि रिटायरमेंटचं नियोजन आत्तापासून कसं करायचं?

ताई, तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. मिस्टर मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक, सर्व्हिस १२ वर्षं. मुलगी तिसरीत, केंद्रीय विद्यालयात. मुलगा २ वर्षांचा. पलटण पीसमधून (जिथे कुटुंब बरोबर ठेवता येतं) फील्डला (जिथे ठेवता येत नाही) निघाली, म्हणून क्वार्टर सोडायचं. सासर कराड तालुक्यात. सासूबाई म्हणतात गावी या, मिस्टर म्हणतात साताऱ्यात खोली घे, आणि दीर म्हणतात कर्ज काढून गावाजवळचा प्लॉट घेऊन टाका. माझे मिस्टर याच रेजिमेंटमधून सुभेदार होऊन घरी आले, तेव्हा हे सगळे सल्ले मी त्याच क्रमाने ऐकलेले आहेत.

पुढची पोस्टिंग कुठे, हे कमांडिंग ऑफिसरलासुद्धा आधी माहीत नसतं. पण मिस्टर घरी कायमचे कधी येणार, हे आजच जवळपास ठरलेलं आहे. म्हणून हिशेब त्या टोकापासून मागे करत यायचा. नाईकाची सर्व्हिस २२ वर्षं आणि एक्स्टेन्शन मिळालं तर २४. एक्स्टेन्शन धरून हवालदार झाले तर २६, नायब सुभेदार झाले तर २८. एक्स्टेन्शन मेडिकल कॅटेगरी आणि रेकॉर्ड बघून मिळतं, ते गृहीत धरू नका. तरी हिशेबापुरती हवालदारकी आणि एक्स्टेन्शन धरून चालू: म्हणजे अजून जास्तीत जास्त साधारण १४ वर्षं. तेव्हा तुमची मुलगी पदवी संपवून बाहेर पडलेली असेल आणि मुलगा अकरावीच्या आसपास. मुलगी शिकेल पगारावर, मुलगा शिकेल पेन्शनवर. तुमच्या घरातले पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यातून निघतात.

आता राहायचं कुठे. फील्डचा टेन्युअर दोन-तीन वर्षांचा असतो, मग पुन्हा पीस. त्या पीसला तुम्ही जरूर जा. मुलं लहान असताना बापाबरोबर राहायची तेवढीच वर्षं मिळतात. माझं मत असं की सातवीपर्यंत फिरावं आणि आठवीपासून एका जागी बूड टेकवावं. पण फिरायचं असेल तर मुलीची केंद्रीय विद्यालयाची साखळी तोडू नका. मधली दोन वर्षं गावच्या शाळेत आणि नंतर परत केंद्रीय विद्यालयात, हे कागदावर सोपं दिसतं. जागा आणि अभ्यासक्रम, दोन्हीकडे अडतं. वडील नॉन-फॅमिली भागात गेले तर कुटुंब जिथे ठेवणार तिथल्या केंद्रीय विद्यालयात टीसीवर प्रवेश घेता येतो. त्यामुळे खोली आधी आणि शाळा नंतर, असं करू नका. शाळा कुठे आहे ते बघून खोली शोधा.

क्वार्टरचं म्हणाल तर दोन अर्ज आत्ताच टाका. एक, शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत आहे तेच क्वार्टर ठेवू द्यावं यासाठी. दुसरा, सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी, म्हणजे फील्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीचं क्वार्टर. पुण्यासारख्या स्टेशनला ती असतात, वेटिंग लिस्ट मोठी असते, पण मिळालं तर शाळा, एमएच (मिलिटरी हॉस्पिटल), कँटीन सगळं हाताशी. पलटण वर, म्हणजे फील्डला, चढायच्या आत अर्जांवर सह्या झाल्या पाहिजेत. नंतर क्लार्कही वर, मिस्टरही वर, आणि फोनला रेंज नसते.

हे काही जमलं नाही आणि जवळ बरी शाळा मिळाली, तर मी गावही सांगणार नाही आणि साताराही नाही. कराड शहर का नको? सासर जवळ राहतं, मुलगा रात्री तापाने फणफणला तर डॉक्टर जवळ, आणि सासूबाई चार दिवस तुमच्याकडे, चार दिवस गावी असं करू शकतात. दोन लहान मुलं घेऊन साताऱ्यात ओळख नसलेल्या गल्लीत एकटीने राहणं फील्डच्या काळात जड जातं. वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल मिळते, तीही सलग नाही. त्या सुट्टीत मिस्टरांना गाव आणि तुमची खोली अशा खेपा घालायला लावू नका.

आता कागद. यावर मी जरा जास्त लिहिते, कारण आपल्या बायकांचे निम्मे हेलपाटे इथूनच सुरू होतात. लग्न, मुलांचा जन्म, सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या घरच्या नोंदींचा युनिटचा अधिकृत कागद) चढलेलं असतं असं आपण धरून चालतो. मिस्टरांना सांगून त्याच्या प्रती काढून घ्या आणि अक्षर न् अक्षर तपासा. आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलतात, मग मधे नवऱ्याचं नाव येतं, आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये माहेरचं. मिस्टर नोकरीत आहेत तोवर ही दुरुस्ती युनिटमधून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला जाते. पेन्शनीत आल्यावर तीच दुरुस्ती अॅफिडेव्हिट आणि राजपत्र करत तुम्हाला स्वतः करावी लागते. फॅमिली पेन्शन, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड, मुलांच्या सवलती, सगळं याच नावावर चालतं.

दुसरं, नॉमिनेशन. भरती झाली तेव्हा मुलगा अविवाहित असतो, सगळीकडे आईचं नाव असतं. ग्रुप इन्शुरन्स, प्रॉव्हिडंट फंड, बँकेचं डिफेन्स सॅलरी पॅकेज, तिन्हीकडे आज कुणाचं नाव आहे ते बघा. सासूबाईंचं नाव काढा असं मी म्हणत नाही. टक्के ठरवून दोघींची नावं घालता येतात, आणि हे त्यांना सांगून, मिस्टर समोर बसलेले असताना करा. हा विषय काढणं अभद्र वाटतं, मला माहीत आहे. पण फील्डला जाण्याआधी युनिट स्वतःच हे भरून घेतं, मग आपण घरात का लाजायचं? त्याच आठवड्यात मिस्टरांचा आर्मी नंबर, फंडाचा नंबर, पॉलिसी आणि एपीओचा (आर्मी पोस्ट ऑफिसचा) पत्ता एका वहीत लिहून ठेवा. सॅलरी पॅकेजमध्ये अपघाती विमा असतो, हे कितीतरी घरांत बायकोला ठाऊकच नसतं.

मुलीचं कॉलेज मिस्टर नोकरीत असतानाच सुरू होईल, म्हणून सर्व्हिंग सैनिकांच्या मुलांच्या सोयी तिच्यासाठी शोधा. इंजिनिअरिंगला जायचं म्हणाली तर दिघीचं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, १९९४ पासूनचं, आर्मीवाल्यांच्याच मुलांसाठी. राज्याच्या प्रवेशातही डिफेन्सच्या जागा असतात; त्यासाठी मिस्टरांचं डोमिसाइल लागतं, ते पुढच्या सुट्टीत काढून घ्या. मुलाच्या वेळी वडील माजी सैनिक झालेले असतील. पंतप्रधान शिष्यवृत्ती त्याच्या कामाची: व्यावसायिक पदवीला मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये, बारावीला किमान ६० टक्के हवेत.

पैशाचं. मिस्टरांच्या डोक्यात "१५ वर्षं झाली की पेन्शन बसते, १७ व्या वर्षी घरी येतो" असं असेल, तर आत्ताच बोलून घ्या. पेन्शन बसते हे खरं, शेवटच्या पगाराच्या निम्मी. पण वन रँक वन पेन्शनच्या (ओआरओपी, म्हणजे सारखी रँक आणि सारखी सर्व्हिस तर सारखी पेन्शन) ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाप्रमाणे, त्यानंतर स्वतः अर्ज करून मुदतीआधी घरी येणाऱ्याला ओआरओपी मिळत नाही. दर पाच वर्षांनी इतरांची पेन्शन सुधारते, त्याची तशी नाही. शेती बघायला माणूस हवा, म्हातारे आजारी, अशी कारणं असतात, मी नाकारत नाही. फक्त घरी यायचा अर्ज देण्याआधी ही किंमत दोघांना माहीत हवी. (मिस्टर अग्निवीर असते तर हे उत्तरच वेगळं झालं असतं. तिथे चार वर्षं, हातात साधारण ११.७१ लाख आणि पेन्शन नाही.)

घरी येताना ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्सची रक्कम, ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचा पगार आणि विकलेल्या पेन्शनचे पैसे असे सगळे एकदम येतात. पेन्शन निम्म्यापर्यंत विकता येते, म्हणजे तेवढ्या हिश्शाचे पैसे आधीच एकरकमी घेता येतात, आणि पूर्ण पेन्शन परत सुरू व्हायला १५ वर्षं लागतात. तुमच्या मुलाचं सगळं शिक्षण त्या १५ वर्षांतच येतं, म्हणून किती विकायची हे घर बांधायच्या हौसेवर ठरवू नका. आणि गावात ही रक्कम येणार हे तुमच्याआधी लोकांना कळतं. दामदुप्पटवाले, भिशीवाले, गाडी घ्या म्हणणारे, सगळे उंबरा झिजवतात. पहिले सहा महिने पैसा बँकेत पडू द्या.

दुसरी नोकरी धरावीच लागेल, ४५ हे काही घरी बसायचं वय नाही. राज्य सरकारच्या वर्ग क मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के जागा, सरकारी बँकांत क्लार्कच्या १४.५ टक्के. दहावी झालेल्या जवानाला १५ वर्षांच्या सर्व्हिसवर पदवीसमान प्रमाणपत्र मिळतं, वर्ग क च्या पदांना ते चालतं. पण परीक्षा द्यावी लागते, आणि अभ्यासाची सवय शेवटच्या दोन वर्षांत लावली तरच जमतं. एमएस-सीआयटी एखाद्या लांब सुट्टीत उरकता येते. नाहीतर मेस्को (राज्याचं माजी सैनिक महामंडळ) किंवा खाजगी सिक्युरिटी आहेच, त्यात कमीपणा नाही, पण पगार आणि पाळ्या आधी विचारून घ्या.

राहिला दिरांचा प्लॉट. आत्ता कर्ज काढू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं कुठे शिकणार हे ठरलेलं नाही, आणि मिस्टर वर असताना व्यवहार मुखत्यारपत्रावर होणार, म्हणजे सही भावाची. नातं चांगलं आहे ना? मग ते पैशाच्या मधे कशाला आणायचं. तेवढाच हप्ता मिस्टरांच्या प्रॉव्हिडंट फंडात वाढवून कापायला सांगा. जागा खरोखरच चांगली असेल तर मिस्टर सुट्टीवर येईपर्यंत थांबा, सातबारा, फेरफार आणि एनएचा (बिगरशेतीचा) आदेश स्वतः बघा, नाव दोघांचं लावा. शेतातला गुंठा नोटरीवर देतो म्हणाले तर विसार म्हणून एक रुपयाही देऊ नका, नोटरीने जमीन नावावर होत नाही.