‘सिगारेटचे छाप’ की ‘सिगारेट कार्ड’?

प्रश्न असा आहे: जुन्या विलायती सिगारेटच्या पाकिटांत जी छोटी रंगीत चित्रे निघत, त्यांना मराठीत ‘छाप’ म्हणावे, की ‘धूम्रपत्रिका’सारखा नवा शब्द घडवावा?

दोन्ही नको. ‘सिगारेट कार्ड’ हेच लिहावे. ‘धूम्रपत्रिका’ वाचून लग्नपत्रिका आठवते, वस्तू डोळ्यांपुढे येत नाही. ‘छाप’ हा मात्र जिवंत शब्द आहे, म्हणून तो इथे का बसत नाही ते नीट पाहायला हवे.

काडेपेटीवर चिकटवलेला रंगीत कागद म्हणजे छाप. मुले ते पाण्यात भिजवून सोडवून घेत. या अर्थी तो पुल्लिंगी: एक छाप, दहा छाप. ‘तिची छाप पडली’ यातला स्त्रीलिंगी. शिवाय ‘घोडा छाप’ म्हटले की मालाची खूण. म्हणजे वस्तूला चिकटून तिची ओळख सांगतो तो छाप.

सिगारेट कार्ड चिकटवलेले नसते, आत सुटे असते. मऊ कागदी पाकिटात सिगारेटी वाकू नयेत म्हणून आधाराला जाड पुठ्ठा घालत. त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक संच पुरा करायला त्याच कंपनीचे पाकीट पुन्हा घेईल, हे व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने 1880च्या दशकात ओळखले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलची विल्स आणि नॉटिंगहॅमची जॉन प्लेअर त्याच वाटेने गेल्या. तिथला नेहमीचा आकार साधारण 68 × 36 मिलिमीटर, संच बहुधा 25 किंवा 50चा. कागदटंचाईमुळे 1917मध्ये ब्रिटनमधली कार्डे थांबली, 1922मध्ये परतली आणि 1940मध्ये पुन्हा बंद पडली.

‘पत्ते’ हा शब्दही टाळावा. काही कंपन्यांनी पाकिटात खेळायचे पत्तेही घातले होते, त्यामुळे घोटाळा होतो.

वर्णन करताना मात्र आपले दोन शब्द फार उपयोगी पडतात. पहिला ‘शिळाछाप’. सुरुवातीची बरीच कार्डे चुनखडीच्या दगडावरून छापलेली, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एखादा रंग केसभर सरकला की ओठांचा लाल हनुवटीवर उतरतो. छपाईवाले याला ‘रजिस्टर हलले’ म्हणतात, तेच लिहावे. ‘नोंदणी चुकली’ हे नुसते शब्दशः भाषांतर. दहापट भिंगाखाली शिळाछाप रंगाचे ठिपके हाताने टिंबल्यासारखे, वेडेवाकडे दिसतात. अशा सुरुवातीच्या कार्डावर ठिपके एकसारख्या जाळीत असतील तर ती बहुधा नंतरची नक्कल.

दुसरा शब्द ‘पाठकोरा’. कार्डाच्या दर्शनी बाजूला चित्रकाराचे काम, पाठीवर अनुक्रमांक, माहिती आणि कंपनीचे नाव, अशी वाटणी पुढे रूढ झाली. म्हणून पाठ कोरी की छापील, हे सांगितल्याशिवाय वर्णन पुरे होत नाही. प्लेअरच्या 1930च्या दशकातल्या बऱ्याच कार्डांच्या पाठीला अल्बममध्ये लावायला डिंक असे, आणि दमट हवेत ती एकमेकांना चिकटतात. तिथे ‘डिंकपाठी’ लिहिले तरी चालेल.

नोंद अशी करता येईल: ‘सिगारेट कार्ड, ॲलन अँड गिंटर, जगज्जेते खेळाडू, 1887, 50चा संच, शिळाछाप, पाठीवर संचाची यादी.’