नवी गाडी, नाशिक–मुंबई हायवे आणि मागून वाजणारे हॉर्न : नेमकं किती वेगाने चालवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राहायला पाथर्डी फाट्याजवळ, नोकरी ठाण्याला, दर सोमवारी पहाटे चारला कार घेऊन निघायचं, गाडी नवी आणि हायवेचा सराव कमी. ८० ने चालवली की मागचे अपर-डिपर आणि हॉर्न मारतात. मित्र म्हणतात, ‘सगळ्यांबरोबर १००-११० ने चल, हळू चालणाऱ्यामुळेच अपघात होतात.’ मग खरं काय, आणि कायद्याने मर्यादा किती?

आमचा भाजीपाला वाहतुकीचा धंदा आहे. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो, द्राक्षं, कांदा भरून आमच्या पिकअप आणि आयशर ट्रक वाशी मार्केटला जातात. मी स्वतः चालवतो, आणि नवा ड्रायव्हर ठेवला की सुरुवातीला त्याच्या शेजारी बसून जातो. त्यामुळे हा रस्ता रात्रीचा, पावसातला, घाटातला, सगळा पाहिलेला आहे. मी नव्या पोरांना जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो.

कायद्याचं आधी उरकतो. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत कारसाठी कमाल वेग असे दिले होते : प्रवेश-नियंत्रित (म्हणजे मधून कुठूनही गाडी आत घुसू शकत नाही अशा) एक्स्प्रेसवेवर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १००, शहरात आणि इतर रस्त्यांवर ७०. मालवाहू गाड्यांना पहिल्या दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर ८०, बाकी ठिकाणी ६०. हे झाले वरचे आकडे. राज्य सरकार त्या-त्या रस्त्यावर याहून कमी मर्यादा लावू शकतं, आणि मग तिथल्या बोर्डावर लिहिलेलाच आकडा खरा. घाट, गावाजवळचा पट्टा, चालू असलेलं काम अशा ठिकाणी बोर्ड बदलत जातात, म्हणून ‘हा हायवे १०० चा’ असं एकदाच पाठ करून चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये वेगासाठी हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आणि मध्यम-जड वाहनाला २००० ते ४००० रुपये दंड आहे. चलन आता कॅमेऱ्यावरून थेट मोबाइलवर येतं, त्यामुळे पोलीस दिसला की ब्रेक मारण्याला काही अर्थ उरलेला नाही.

पण मर्यादा म्हणजे त्याच्या वर जायचं नाही एवढंच. तेवढ्या वेगाने गेलंच पाहिजे असं त्यात काही नाही. माझा नियम एकच आहे : पुढे जेवढा रस्ता स्वच्छ दिसतोय, तेवढ्यात गाडी पूर्ण थांबली पाहिजे. वेग त्यावरून ठरतो, मागच्याच्या हॉर्नवरून नाही.

याचं गणित प्रत्येक ड्रायव्हरला कागदावर करून दाखवतो, तुम्हीही करून बघा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही आलं हे डोळ्यांनी टिपून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, अजून ब्रेक लागलेलाच नाही. नंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी ३६ मीटर. एकूण ७० मीटर धरा. हेच १०० ने जाताना ४२ आणि ५६, म्हणजे ९८ मीटर. १२० ला १३० मीटरच्या पुढे. वेग दीडपट झाला, पण थांबायचं अंतर जवळपास दुप्पट.

आता यातला खरा भाग. समजा ७० मीटरवर एक ट्रॉली आडवी आली. ८० ने येणारी गाडी तिच्या तोंडाशी थांबते. शेजारच्या लेनमधून १०० ने येणाऱ्याने त्याच क्षणी तितक्याच जोरात ब्रेक मारला, तर ट्रॉलीपर्यंत पोचताना त्याचा वेग अजून सुमारे ७० असतो. ८० आणि १०० मध्ये वीसचाच फरक आहे असं वाटतं, पण एक गाडी थांबली आणि दुसरी ७० ने धडकली. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ८० चं नुसतं ब्रेकिंगचं अंतरच ६० मीटरच्या पुढे जातं, झिजलेले टायर असतील तर त्याहून जास्त.

आणि मिळतं काय? टोल, घाट, ट्रॅफिक वजा जाता तुम्हाला खरोखर मोकळा असा ८० किलोमीटर रस्ता मिळाला असं धरू. ८० ने तो एका तासात होतो, १०० ने ४८ मिनिटांत. बारा मिनिटं! ती बारा मिनिटं भिवंडीच्या गर्दीत सगळ्यांचीच जातात.

ट्रॉलीचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. आपला मुंबई–आग्रा रस्ता रुंद आहे, दुभाजक आहे, उड्डाणपूल आहेत, म्हणून तो एक्स्प्रेसवेसारखा वाटतो. तो तसा नाही. या रस्त्याला शेतं लागून आहेत, कंपन्या लागून आहेत, गावं लागून आहेत. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे या पट्ट्यात शिफ्ट सुटली की दुचाक्या एकदम हायवेवर येतात, आणि पुढचा यू-टर्न लांब पडतो म्हणून काही जण सरळ राँग साइडने, कडेकडेने समोरून येतात. ओझर–पिंपळगावकडे हंगामात कांद्याचे आणि टोमॅटोचे ट्रॅक्टर असतात. ट्रॉलीला मागे लाइट नसतो, रेडियम लावलेलं असलं तरी चिखलाने झाकलेलं. तुम्ही १०० ने जात असता, अशी ट्रॉली २० ने चाललेली असते आणि ती चालतेय की उभी आहे हे जवळ जाईपर्यंत कळत नाही. रामनवमीच्या आधी मुंबईकडून शिर्डीला निघालेल्या पालख्या घाटातून घोटी–सिन्नरकडे चालत जातात, सप्तशृंगी गडाच्या यात्रांना खानदेशातून पदयात्री येतात. ही माणसं पहाटे अंधारातच चालतात, कारण नंतर ऊन लागतं. तुमची निघायची वेळही तीच आहे.

दुभाजकातल्या कटजवळ आणि ढाब्यांसमोर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून ब्रेकवर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, ठेवायचा. त्या दीड सेकंदातला बराच वेळ तिथे वाचतो. कडेला उभा ट्रक दिसला की त्याच्यापुढून माणूस बाहेर येणार आहे असंच धरून चालायचं. आणि उड्डाणपुलावरून उतरताना सर्व्हिस रोडवरची गाडी जिथे आत घुसते, तिथे डावी लेन आधीच सोडून मधे या.

अंधाराची भीती मी फार बाळगतो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांना घेऊन येणारा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला आणि १२ जण गेले. ते आपल्या नाशिकचे होते. त्याच्या आदल्या वर्षी, ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे, छत्रपती संभाजीनगर रोडवर नांदूर नाक्याजवळच्या चौकात खासगी बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली, दहाहून अधिक प्रवासी जळून गेले. दोन्ही वेळा अंधार होता. रात्री डिपरवर, म्हणजे लाइट खाली केलेला असताना, तुम्हाला नीट दिसतं ते ५०-६० मीटर. वरचं गणित पुन्हा बघा : ८० ला ७० मीटर लागतात. म्हणजे समोरून गाड्या येत असल्याने डिपरवर चालवताना ८० सुद्धा जास्त आहे. मी तिथे ६०-६५ वर येतो. दुभाजकापलीकडे कोणी नसेल तेव्हा अपर लावा, समोरचा दिसला की लगेच खाली करा. काच आतून-बाहेरून पुसलेली ठेवा. धुरकट काचेवर समोरचा लाइट पसरला की काहीच दिसत नाही.

आता हॉर्न मारणाऱ्यांविषयी. तुम्ही कोणत्या लेनमध्ये होता हे तुम्ही लिहिलेलं नाही. उजव्या लेनमध्ये ८० ने चालत असाल तर मागच्याची तक्रार रास्त आहे. उजवी लेन ओव्हरटेकसाठी, काम झालं की डावीकडे यायचं. ‘हळू चालणाऱ्यामुळे अपघात होतात’ यातला खरा भाग एवढाच, की उजवीकडे अडून बसलेल्या गाडीमुळे बाकीचे डावीकडून कट मारतात. डाव्या लेनमध्ये एकसारख्या ८० ने चालणाऱ्याला कुणी दोष देऊ शकत नाही. तरीही कोणी चिकटलाच, तर वेग वाढवू नका आणि चिडून ब्रेकही मारू नका. इंडिकेटर द्या, बाजूला व्हा, जाऊ द्या त्याला. तुमच्या पुढच्या गाडीपासून मात्र तीन सेकंदांचं अंतर ठेवा : ती एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा, त्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचला तर फार जवळ आहात. पावसात चार-पाच सेकंद. मधल्या जागेत कोणी घुसेल, घुसू दे, पुन्हा थोडं मागे राहा.

ट्रकला ओव्हरटेक करताना त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आयशरमध्ये बसून मला हे रोज दिसतं : कारवाले डाव्या दरवाजाशेजारी येऊन तिथेच रेंगाळतात, आणि तिथलं आम्हाला अजिबात दिसत नाही. एकतर मागे राहा नाहीतर पटकन पुढे निघून जा.

कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही, कितीही पेट्रोल वाचतं असं कोणी सांगितलं तरी. तिसऱ्या, गरज पडली तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरू द्या आणि ब्रेक अधूनमधून, नेमका वापरा. सतत दाबून ठेवला की लायनर तापतात आणि ब्रेक धरत नाही. याच कारणाने घाटात भरलेल्या ट्रकच्या अगदी पुढे किंवा अगदी मागे राहू नका. त्याचे ब्रेक किती तापलेत हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीपासून खाली दाट धुकं असतं. तिथे डिपर लावा, अपर लावला तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. चालत्या गाडीचे चारही ब्लिंकर लावू नका, कारण मागच्याला वाटतं तुम्ही उभे आहात आणि तुम्ही लेन बदलणार असाल तर तेही कळत नाही.

घाट टाळायचा असेल तर इगतपुरीहून समृद्धी आहे. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यात सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे दुचाकी, ट्रॅक्टर नाहीत, रस्ता फार चांगला आहे. पण तिथला धोका वेगळा. सरळ, एकसुरी रस्त्यावर १२० सुद्धा ७० सारखे वाटायला लागतात आणि डोळे जड होतात. मधेमधे काट्यावर नजर टाका, बोगद्यात आणि उतारावर बोर्ड पाहून वेग कमी करा, आणि त्या वेगाला टायर चांगलेच हवेत. हवा गाडी थंड असताना, दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली तेवढीच. कमी हवेचा टायर वेगात जास्त तापतो आणि फुटतो. जुना टायर वरून चांगला दिसला तरी बाजूला बारीक चिरा पडल्या असतील तर बदला.

बेल्ट मागच्या सीटवरही. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये गेले तेव्हा ते मागेच बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागचा माणूस बेल्टशिवाय असेल तर धडकेत तो पुढच्या सीटवर येऊन आदळतो, म्हणजे पुढे बेल्ट लावून बसलेल्यालाही घेऊन जातो. आई-वडिलांना बसवाल तेव्हा त्यांना आग्रह करा, ते ‘आम्हाला कशाला’ म्हणतील तरी.

हे नंबर फोनमध्ये ठेवा : राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२. दुसऱ्याचा अपघात दिसला तर मदत करायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, नाव सांगायचीही सक्ती नाही. आधी स्वतःची गाडी बरीच पुढे कडेला लावा, मग उतरा.

शेवटी तुमची पहाटे चारची वेळ. वर सांगितलेलं सगळं पाळलं आणि झोप अपुरी असेल तर काही उपयोग नाही. रात्री दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतंच, चहा पिऊन ती जात नाही, काच उघडून गाणी लावूनही जात नाही. आमच्याकडे नियम आहे : दोनदा जांभई आली किंवा मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की पेट्रोल पंपावर गाडी लावायची, अलार्म लावून वीस मिनिटं झोपायचं. माल उशिरा पोचला तर मी बोलत नाही. तुम्हाला जमलं तर रविवारी संध्याकाळी उजेडात निघा आणि मुक्काम तिकडे करा. नाहीच जमलं तर साहेबांशी बोलून सोमवारी दीड-दोन तास उशिरा यायची परवानगी घ्या, रविवारी नऊला झोपा आणि साडेपाचनंतर निघा. उन्हाळ्यात विल्होळी ओलांडेपर्यंत, थंडीत त्याच्या बऱ्याच पुढे उजाडायला लागतं, आणि कडेने चालणारी माणसं दिसतात.